‘सांभाळून घे’ असे सांगण्यापूर्वी

२०२५ सालच्या मे महिन्यात पुणे परिसरातील एका सधन व प्रतिष्ठित कुटुंबातील तरुण सुनेचा मृत्यू झाला आणि हुंडा व छळाच्या आरोपांमुळे ती घटना महाराष्ट्रभर गाजली. दूरचित्रवाणीवर अनेक दिवस चर्चा चालली. त्या आठवड्यांत मिस्सानंतर चर्चच्या आवारात भेटणाऱ्या कित्येकांच्या तोंडी एकच वाक्य होते, “फादर, आपल्या समाजात हे असले काही नसते.” मी वाद घातला नाही. रविवारच्या सकाळी आवारात उभ्या उभ्या घालण्याजोगा तो वाद नव्हता. परंतु धर्मग्रामाच्या कार्यालयात बसून ज्याने पंचवीसएक वर्षे लोकांची सुखदुःखे ऐकली आहेत, त्याला ते वाक्य मनापासून मान्य करता येत नाही.

हुंडा हे हिंसेचे एक निमित्त आहे, आणि हिंसेला निमित्तांची वाण कधीच पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याआधीच्या फेरीत हेच प्रमाण २१.३ टक्के होते. देशाची सरासरी ३१.२ वरून २९.३ टक्क्यांवर उतरत असताना सुधारकांची भूमी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राचा आकडा वर चढला. ही वाढ खरी, की पूर्वी न बोलणाऱ्या स्त्रिया आता बोलू लागल्या, याची चर्चा तज्ज्ञांनी करावी. मला त्याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करतो. देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कधी कोणाची मदत मागितली नाही, इतकेच नव्हे तर कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के. हे आकडे आपल्या धर्मप्रांताचे नाहीत, हे मान्य. तरीही वेदीवरून समोरच्या बाकांकडे पाहताना आपली बाके या सरासरीतून वगळली गेली आहेत, असे समजण्यास मला काही आधार सापडत नाही.

‘कौटुंबिक हिंसा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळानिळा पडलेला चेहरा येतो. २००५ साली संसदेने संमत केलेल्या आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने ही व्याख्या पुष्कळ रुंदावली. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे हिंसेचे प्रकार त्यात सांगितले आहेत. यांतला शेवटचा प्रकार आपल्याकडे हिंसा म्हणून सहसा ओळखलाच जात नाही. वसईहून पहाटेची लोकल पकडून मुंबईला नोकरीस जाणारी एखादी सून महिनाअखेरीस आपले एटीएम कार्ड पतीच्या हाती ठेवते आणि रेल्वेच्या पासासाठी त्याच्याकडे पैसे मागते. घरातले तिला ‘सालस’ म्हणतात. पत्नीचा फोन रोज तपासणे, तिला माहेरी जाऊ न देणे, मातासंघाच्या सभेला वा गायनवृंदाच्या सरावाला गेल्यास परतल्यावर तास तास उलटतपासणी घेणे, ‘मुलांना घेऊन जाईन’ असा धाक दाखवणे, शेजघरात तिच्या नकाराला किंमत न देणे, हे सारे त्या व्याख्येत बसते. यातील एकाही गोष्टीचा वळ अंगावर उमटत नाही.

मग प्रत्येक भांडण हिंसाच म्हणायचे का, असा प्रश्न धर्मग्रामस्थ विचारतात आणि तो योग्य आहे. संसारात खटके उडायचेच. मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. भांडणात दोघेही रागावतात, दोघेही आवाज चढवतात, आणि दुसऱ्या दिवशी दोघेही आपापली बाजू मांडू शकतात. जिथे दोघांपैकी एकाला दुसऱ्याची भीती वाटते, त्याची स्कूटर दारात थांबल्याचा आवाज ऐकताच घरातली बोलणी बंद पडतात, तिथे भांडण चाललेले नाही. तिथे एकाची सत्ता चालते आणि बाकीचे तिच्या धाकात दिवस काढतात.

दारूविषयी दोन शब्द, कारण आपल्या भागात सर्व दोष तिच्यावर टाकून मोकळे होण्याची सवय आहे. “माणूस देवासारखा आहे हो, फक्त पोटात गेली की...” दारूमुळे घर उद्ध्वस्त होते, मार अधिक जिवावरचा होतो, हे खरेच. पण हाच माणूस पिऊन येताना वाटेत भेटलेल्या पोलिसावर हात उगारत नाही, आपल्या साहेबाला शिवी देत नाही. हात कुठे उचलायचा, याची शुद्ध त्याला पुरेपूर असते. म्हणूनच व्यसनमुक्ती झाली म्हणजे हिंसामुक्ती झाली, असे धरून चालणे धोक्याचे आहे. दारू सोडल्यावरही घरात तोच धाक कायम राहिलेली कुटुंबे मला ठाऊक आहेत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांवरील आपल्या पुस्तकात या हिंसेचे चक्र वर्णिले. प्रथम ताण साठत जातो, मग स्फोट होतो, आणि त्यानंतर पश्चात्तापाचे, गोडीगुलाबीचे दिवस येतात. प्रत्येक घरात ते असेच फिरते असे नाही, पण तिसरी अवस्था आपल्या धर्मग्रामांत कशी दिसते ते मी पाहिले आहे. पती रिट्रीटला जाऊन येतो, पापनिवेदन करतो, प्रायश्चित्तकाळात दारूला शिवत नाही, पत्नीला साडी आणतो. ती सुखावते, आपली प्रार्थना फळास आली म्हणते. आम्ही धर्मगुरूही सुखावतो आणि वहीतले ते पान मिटवून टाकतो. चक्र पुन्हा फिरते तेव्हा सांगायला येण्याचे धैर्य तिच्यात उरलेले नसते, कारण मागच्या वेळी सर्वांनी देवाचे आभार मानलेले असतात.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. ती पापनिवेदनात ऐकलेली नाही, कार्यालयात घडलेली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील मी बदलले आहेत. सुमारे वीस वर्षांपूर्वी एक स्त्री शेजारणीला सोबत घेऊन माझ्याकडे आली. पती मारतो, एवढेच ती बोलली. मी तत्काळ पतीला बोलावून घेतले. तो आला, माझ्यासमोर रडला, पाया पडला. मी दोघांना शेजारी बसवून समजावले, विवाहाच्या दिवशी दिलेल्या वचनांचे स्मरण करून दिले, तिला ‘हा तुझा क्रूस आहे, सांभाळून घे’ असे सांगितले आणि दोघांवर हात ठेवून प्रार्थना केली. त्या पाऊण तासात ती एक शब्दही बोलली नव्हती. तिच्या गप्प बसण्याला मी संमती समजलो. महिना उलटण्याच्या आत ती हात मोडून रुग्णालयात दाखल झाली. फादरांकडे तक्रार केली म्हणून तिला मार बसला होता. तिला एकटीला बसवून, ‘तुला घरी परत जायला भीती वाटते का?’ हा साधा प्रश्न मी विचारला नव्हता.

‘क्रूस’ हा शब्द तेव्हा मी जसा वापरला, तसा आपल्याकडे तो सर्रास वापरला जातो. प्रभू येशूने क्रूस स्वीकारला तो स्वेच्छेने, इतरांच्या तारणासाठी. पण नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटून देण्याचा प्रयत्न केला तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. मंदिरात त्याच्यावर दगड उचलले गेले तेव्हा तो लपून बाहेर पडला, असे योहान लिहितो. आणि ज्या पवित्र कुटुंबाचे चित्र आपण प्रत्येक नवविवाहित जोडप्याला भेट देतो, त्या कुटुंबाने काय केले? जुलमी राजा बालकाच्या जिवावर उठला आहे असे कळताच योसेफ रात्रीच्या रात्री आई व बाळाला घेऊन मिसर देशी पळाला. ‘घर सोडू नकोस, सोस’ असे देवदूताने त्याला सांगितले नाही.

बायबलमधील वचने अर्धवट सांगण्याचा दोषही आपल्यावर येतो. पत्नीने पतीच्या अधीन राहावे, हे इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बाविसावे वचन घरोघर पाठ असते. त्याच्या आधीचे एकविसावे वचन दोघांनी एकमेकांच्या अधीन राहण्याविषयी आहे आणि पुढची वचने पतीने पत्नीसाठी प्राण द्यावा अशा अर्थाची आहेत, ती विसरली जातात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ सालच्या ‘मुलिएरिस दिग्नितातेम’ या पत्रात ही अधीनता परस्परांची आहे, एकतर्फी नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला. मलाखी संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायातील घटस्फोटाविषयीचे वचनही असेच अर्धे उद्धृत होते. त्याच्या उत्तरार्धात हिंसेने माखलेल्या वस्त्राचा उल्लेख आहे. (त्या वचनाची मूळ हिब्रू रचना अवघड आहे आणि भाषांतरांत फरक पडतो, पण हिंसेचा उल्लेख अनेक भाषांतरांत आढळतो.)

संत मोनिकाचे उदाहरण मातासंघांतून नेहमी दिले जाते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने. संत ऑगस्टिनने आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथाच्या नवव्या भागात आईचे चरित्र सांगितले आहे. पती पात्रिसियुस शीघ्रकोपी होता आणि मोनिका त्याच्या रागासमोर शांत राहत असे. गावातील इतर स्त्रिया चेहऱ्यावर माराच्या खुणा घेऊन फिरत आणि मोनिका त्यांना विवाहाचा करार हा दास्याचा करार समजून गप्प राहण्याचा सल्ला देई, असे ऑगस्टिन मोकळेपणे लिहून जातो. चौथ्या शतकातील उत्तर आफ्रिकेची ही रीत होती. मोनिका संत झाली ती तिच्या प्रार्थनेमुळे व श्रद्धेमुळे. त्या काळच्या समाजाने तिच्या तोंडी घातलेला हा सल्ला ख्रिस्तसभेने कधीही श्रद्धातत्त्व म्हणून शिकवलेला नाही. त्याच काळात रोममध्ये फाबिओला नावाची स्त्री होऊन गेली. दुर्वर्तनी पतीचे घर तिने सोडले. पुढे दुसरा विवाह केल्याबद्दल तिने जाहीर प्रायश्चित्त घेतले, पण पहिल्या पतीला सोडल्याबद्दल संत जेरोमने तिला दोष दिला नाही, उलट तिची बाजू मांडली. रुग्णांसाठी रुग्णालय काढणारी ही स्त्रीही संत म्हणून गणली जाते. मातासंघाच्या सभेत तिचे नाव घेतलेले मी अद्याप ऐकलेले नाही.

आता प्रत्यक्ष चर्चच्या कायद्याकडे वळू. १९८३ सालच्या कायदेसंहितेतील ११५३ वा नियम प्रत्येक धर्मग्रामस्थाला ठाऊक असावयास हवा. पती वा पत्नी यांपैकी एकजण दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या जिवाला अथवा मनाला गंभीर धोका निर्माण करीत असेल, किंवा सहजीवन अतिशय कठीण करून टाकीत असेल, तर दुसऱ्या जोडीदाराला विभक्त होण्यास न्याय्य कारण मिळते. एरवी त्यासाठी बिशपांचा निर्णय लागतो, पण विलंबात धोका असेल तर त्या व्यक्तीला स्वतःच्या अधिकारात घर सोडता येते. म्हणजे मध्यरात्री मुलांना घेऊन बाहेर पडणाऱ्या स्त्रीने आधी फादरांची चिठ्ठी आणावी, असे चर्च म्हणत नाही. हा नियम पतीलाही तितकाच लागू आहे, कारण छळ सोसणारे पुरुषही आहेत आणि लाजेपोटी ते अधिकच गप्प असतात. धोका सरल्यावर सहजीवन पुन्हा सुरू व्हावे, अशी चर्चची अपेक्षा आहे. मात्र धोका खरोखर सरला आहे का, हे ज्याने मारले त्याने ठरवायचे नसते.

विभक्त राहिल्याने विवाहबंधन तुटत नाही आणि विभक्त राहणारी व्यक्ती पापात जगते असेही होत नाही. ती पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारू शकते. ‘नवऱ्याला सोडून आलेली’ म्हणून वेदीकडे जाण्यास संकोचणाऱ्या भगिनी मला आजही भेटतात, तो संकोच त्यांच्या मनात आपल्या कुजबुजीने पेरला आहे. चर्चच्या कॅटेकिझममधील २३८३ वा परिच्छेद तर आणखी पुढे जातो. कायदेशीर हक्क, मुलांचा सांभाळ वा मालमत्तेचे रक्षण यांसाठी दिवाणी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल, तर तो चालवून घेता येतो आणि तो घेणे हा नैतिक अपराध ठरत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये हिंसा व सततचा छळ यांपासून दुर्बलांचे रक्षण करण्यासाठी विभक्त होणे कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरते, असे म्हटले आहे.

देशाच्या कायद्याने मात्र ख्रिस्ती स्त्रीला दीर्घकाळ ताटकळत ठेवले. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध करावा लागे. पत्नीला मात्र केवळ क्रूरता सिद्ध करून भागत नसे, व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे दुहेरी ओझे तिच्यावर होते. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. म्हणजे ‘मला मार बसतो’ हे एकच कारण ख्रिस्ती स्त्रीसाठी पुरेसे ठरायला कायद्याच्या पुस्तकात १३२ वर्षे लागली.

२००५ च्या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात तिने घर सोडलेच पाहिजे अशी सक्ती नाही. घर पतीच्या वा सासऱ्याच्या नावावर असले तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. दंडाधिकारी पतीला हिंसेपासून रोखणारा आदेश देऊ शकतात, प्रसंगी त्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात, निर्वाहखर्च व मुलांच्या तात्पुरत्या ताब्याविषयी आदेश देऊ शकतात. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद वा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कायद्याचा आधार आई, बहीण वा विधवा भावजय यांनाही घेता येतो. जमिनीला भाव आल्यापासून म्हाताऱ्या आईकडून सह्या घेण्यासाठी चाललेला छळ आपल्या गावांना अपरिचित नाही. अंमलबजावणी मात्र लंगडी आहे. कायदा लागू होऊन जवळपास १९ वर्षे लोटल्यावर, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना संरक्षण अधिकारी नेमण्याचे निर्देश द्यावे लागले, यातच सर्व आले.

मुलांबद्दल बोलताना ‘ती लहान आहेत, त्यांना काय कळते’ असे म्हटले जाते. त्यांना सर्व कळते, फक्त शब्द सापडत नाहीत. मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, वर्गात लक्ष लागत नाही, पोटात दुखते म्हणून शाळा टळते. कोणी धाकट्या भावंडांना मारू लागते, कोणी आईचा पहारेकरी होऊन तिच्याजवळून हलतच नाही. मुलग्यांपैकी काही पुढे वडिलांसारखेच वागतात, मुलींपैकी काही मार हा लग्नाचा भागच समजून चालतात. सर्वांच्याच वाट्याला हे येत नाही. आई वा अन्य एखादे माणूस ठामपणे पाठीशी राहिले तर मुले सावरतात, हेही अनुभवाचे आहे. धर्मशिक्षकांना मात्र मी एक विनंती करीन. आपण वर्गात ‘देव आपला प्रेमळ पिता आहे’ असे शिकवतो. ‘पिता’ हा शब्द उच्चारताच एखादे मूल खाली मान घालत असेल, तर त्याच्याकडे लक्ष असू द्या. मुलांसाठी संसार टिकवला असे ज्या घरांत म्हणतात, त्या घरांतल्या मुलांच्या मनातील देवाची प्रतिमा आधी भंगते.

काही खुणा तातडीच्या समजाव्यात. पतीने गळा दाबला असे स्त्री सांगत असेल, तर अंगावर खूण नसली तरी तिला डॉक्टरकडे न्यावे आणि ती पुढे मारली जाण्याचा धोका अनेक पटींनी वाढला आहे असे समजावे. गरोदरपणातील मारहाण, जाळण्याची वा मारून टाकण्याची धमकी यांचेही तसेच. सर्वांत जोखमीचा काळ असतो तो ती निघण्याचे ठरवते तेव्हाचा, म्हणून तिचा बेत पतीच्या कानी जाता कामा नये. आपल्यातल्या सद्भावी मध्यस्थांकडून नेमकी हीच चूक होते, आणि माझ्याकडून काय झाले ते वर सांगितलेच आहे. तिच्याशी एकटीने बोलावे, तिच्यावर विश्वास ठेवावा, निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले, वैद्यकीय कागद यांच्या प्रती विश्वासू नातेवाइकाकडे ठेवण्यास सुचवावे. महिलांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. महाराष्ट्रात पोलिसांसोबत काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने त्यांपैकी पहिला कक्ष १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू झाला. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेले ‘दिलासा’ केंद्र हे रुग्णालयातच अशा स्त्रियांना समुपदेशन देणारे देशातील पहिले केंद्र. स्त्रियांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणि ज्याचा हात उठतो त्याचे काय? त्यालाही चर्चची दारे बंद नाहीत. पण पापनिवेदनात पश्चात्तापाबरोबर भरपाईही येते. जक्कयाने नुसते डोळे पुसले नाहीत, फसवून घेतलेले चौपट परत केले. पत्नीने क्षमा केली म्हणजे तिने त्याच छताखाली परतले पाहिजे असे नाही, आणि ती परतत नाही याबद्दल तिला कठोर ठरवणाऱ्यांनी आधी त्याने काय फेडले ते विचारावे. घरातल्यांना धाकात ठेवणारा माणूस धर्मग्राम मंडळावर असेल, वेदीवरून वाचन करीत असेल, तर बाकांवर बसलेल्या त्याच्या पत्नीला आपण काय सांगत असतो? भारतीय बिशप परिषदेने २०१० साली चर्चचे स्त्रीपुरुष समतेचे धोरण प्रसिद्ध केले. त्याची प्रत किती धर्मग्राम कार्यालयांत आहे, याची चौकशी मी अलीकडे करू लागलो आहे आणि उत्तरे फारशी उत्साहवर्धक नाहीत.

एक लहानशी सूचना एका धर्मभगिनींनी मला केली, ती येथे देतो. मदतीचे क्रमांक सूचनाफलकावर लावण्याचे आम्ही ठरवले होते. त्या म्हणाल्या, “फादर, फलकासमोर उभी राहून ते क्रमांक टिपून घेणारी बाई सगळ्या गावाला दिसेल.” तेव्हापासून ते कागद स्त्रियांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूस लावलेले आहेत. खालच्या कडेला क्रमांकाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत, फाडून नेता येतील अशा. पहिल्या महिन्यात चार पट्ट्या गेल्या.